कुर्डुवाडी स्टेशनचा इतिहास: ‘बार्शी रोड’चे जंक्शन कसे झाले?

माढेवाट:

नमस्कार. माझे आजोळ माढा तालुक्यातले असल्यामुळे कुर्डुवाडी स्टेशन लहानपणापासून परिचयाचे आहे. गावातील वाचनालयासाठी या स्टेशनच्या इतिहासावर एक छोटी पुस्तिका तयार करावी, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. वाचन सुरू केले तेव्हा माहिती बरीच मिळाली, पण ती तुकड्यातुकड्यांत असल्याने तिची सांगड घालता येत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

आतापर्यंत समजले ते असे. मुंबईहून पुणे, सोलापूर, रायचूर असा मद्रासकडे जाणारा जो लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने, म्हणजे जीआयपीने, टाकला त्याच्यावर हे स्टेशन १८५९ मध्ये आले आणि त्याचे नाव ‘बार्शी रोड’ असे ठेवण्यात आले. पुढे १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली. तिला आमच्याकडची सगळी जुनी माणसे ‘बार्शी लाईट’ म्हणतात. नंतर ही गाडी एका बाजूने पंढरपूर व मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने लातूरपर्यंत गेली.

बार्शी ही त्या काळीही मोठी पेठ होती, तरी मुख्य मार्ग तिच्या दारावरून का गेला नाही, आणि न गेल्यावर तिला रूळ मिळायला अडतीस वर्षे का लागली, हे मला समजून घ्यायचे आहे. मोठी गाडी शेजारी असताना अडीच फुटांची गाडी कोणी व कशासाठी निवडली, हाही प्रश्न आहे. परंतु सर्वांत जास्त उत्सुकता कुर्डुवाडीबद्दलच आहे. जे काही वाचायला मिळते ते इंजिनांविषयी किंवा कंपनीविषयी असते. ज्या वाडीत हे सर्व घडले तिचे काय झाले, याविषयी फार थोडे लिहिलेले आढळते. कृपया सविस्तर लिहावे.

---

रूळवाट:

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर बार्शीपासून सुरू न करता बोरघाटापासून सुरू करावे लागेल.

जीआयपीच्या आग्नेय मार्गाचा हेतू वाटेतल्या पेठा जोडण्याचा नव्हता. मुंबई बंदर मद्रासच्या बाजूने येणाऱ्या लोहमार्गाला जोडणे हे त्याचे मुख्य प्रयोजन होते आणि ते १८७१ मध्ये रायचूर येथे साध्य झाले. नकाशा समोर ठेवला तर पुण्यानंतर हा मार्ग भीमेच्या खोऱ्याला धरून आग्नेयेकडे उतरत जातो, हे सहज दिसते. बार्शी या रेषेपासून ईशान्येला, बालाघाटाच्या पायथ्याकडे, सुमारे पस्तीस किलोमीटर आत आहे. तिच्यासाठी मार्ग वळवायचा तर सोलापूरचे अंतर वाढले असते आणि मार्ग निजामाच्या मुलखाला भिडला असता. त्यामुळे बार्शीच्या वाट्याला स्टेशन न येता स्टेशनचे केवळ नाव आले. अक्कलकोट रोड किंवा जत रोड ही नावेही याच प्रकारची आहेत.

डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा टप्पा १८५९ च्या ऑक्टोबरात उघडला आणि १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. (डिकसळ भागातील मूळ मार्ग आता त्या जागी नाही, उजनी धरणाच्या पाण्यामुळे तो हलवावा लागला. पुस्तिकेत जुना नकाशा छापणार असाल तर हे लक्षात ठेवावे.) त्या वेळी बोरघाटातील काम पूर्ण झालेले नव्हते, ही गोष्ट मात्र फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. खालून गाडी खोपोलीपर्यंत येत होती, वरून खंडाळ्यापर्यंत येत होती, आणि मधला घाट माणसांना पालखीतून वा पायी आणि मालाला बैलांच्या साह्याने ओलांडावा लागत होता. घाटातील रूळ १८६३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. याचा अर्थ, पहिली तीन-साडेतीन वर्षे बार्शी रोडला चढलेला कापूस रेल्वेने निघूनही मुंबईला सलग रेल्वेने पोहोचत नव्हता.

याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडमधील गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला न भूतो असा भाव आला. बार्शी ही कापसाची व तेलबियांची मोठी पेठ होती. निजामाच्या मुलखातील, म्हणजे आजच्या धाराशिव व लातूर जिल्ह्यांच्या बाजूचा, माल बालाघाट उतरून तेथे येत असे. घाट खुला झाल्यावर या सर्व मालाला मुंबईचा रस्ता मोकळा झाला आणि बार्शी ते बार्शी रोड हा बैलगाड्यांचा रस्ता अतिशय वर्दळीचा झाला. कुर्डुवाडीचा खरा आरंभ मी येथे मानतो, कारण आलेल्या गाड्यांना उतरायला जागा, बैलांना पाणी व वैरण, माल ठेवायला वखार आणि गाडीवानांना रात्रीचा मुक्काम, हे सर्व स्टेशनच्या आसपासच मिळणे आवश्यक होते.

आता अडतीस वर्षांविषयी. पस्तीस किलोमीटरसाठी साडेपाच फूट रुंदीचा मार्ग टाकायचा तर खर्च मुख्य मार्गासारखा येतो. उत्पन्न मात्र एका पेठेच्या मालावर आणि एका हंगामावर अवलंबून राहते. म्हणून अशा फाट्यांकडे मोठ्या कंपन्या फारशा उत्साहाने पाहत नसत. ही कोंडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने फोडली. तो १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला होता आणि हा प्रदेश त्याच्या पाहण्यातला होता. नोकरी सोडल्यावर त्याने सरकारशी दीर्घकाळ बोलणी केली, १८९५ मध्ये लंडनला ‘बार्शी लाईट रेल्वे’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा सल्लागार अभियंता म्हणून स्वतःच काम पाहिले.

त्याची कल्पना समजून घेतली की अडीच फुटांचे कोडे सुटते. रुळांवर ताण येतो तो गाडीच्या एकूण वजनाचा नसून एकेका आसावर पडणाऱ्या वजनाचा असतो. म्हणून त्याने असा नियम केला की इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. हा नियम पाळला म्हणजे दर यार्ड लांबीला तीस पौंड वजन असलेल्या हलक्या रुळांवरूनही मोठी वाघीण नेता येते, पूल हलके करता येतात आणि एकंदर खर्च आवाक्यात राहतो. यासाठी लीड्स येथील किटसन कंपनीकडून त्याने अशी इंजिने बांधून घेतली की ज्यांचा भार मोटेच्या आठ चाकांवर आणि मागच्या चार चाकांवर सारखा विभागला जावा. डब्यांचे व वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे होते, त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी आणि तिच्यात मावणारा माल जास्त, असे प्रमाण साधले. ही सर्व सामग्री भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा मार्ग घालून तिची लोकांसमोर प्रात्यक्षिके करण्यात आली, आणि तिचा सैन्यासाठी उपयोग होईल हेही दाखवण्यात आले.

अडीच फूट रुंदी ही काटकसर म्हणून स्वीकारलेली तडजोड होती, असे आपल्याकडे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. हा अत्यंत विचारपूर्वक बांधलेला मार्ग होता, आणि भारतातील नॅरो गेजच्या रचनेवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला.

---

मालधक्का:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. शब्दांपुरती एक दुरुस्ती सुचवतो: इंजिनाच्या ज्या चाकांना वाफेची ओढ मिळते त्यांना ‘चालक चाके’ म्हणावे, ‘मोटेची चाके’ म्हटल्याने वाचकांचा गोंधळ होईल.

मला लिहायचे आहे ते कुर्डुवाडीविषयी, कारण मूळ प्रश्नाचा तोच भाग माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या घरातील मागच्या पिढ्यांचा या स्टेशनच्या मालधक्क्याशी संबंध होता.

बार्शीची छोटी गाडी सुरू झाल्यावर कुर्डुवाडीचे महत्त्व कमी व्हायला हवे होते, असे तर्काने वाटते. बैलगाड्या बंद झाल्या म्हणजे त्यांचे मुक्काम, वखारी आणि त्यांच्यावर चालणारी दुकानेही उठायला हवी होती. प्रत्यक्षात घडले ते उलट, आणि त्याचे कारण रुळांच्या रुंदीतील फरकात आहे. बार्शीची वाघीण मुंबईला जाऊ शकत नव्हती आणि मुंबईची वाघीण बार्शीला येऊ शकत नव्हती. प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ, तेलाचा प्रत्येक डबा कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागत असे. कंपनीच्या हिशेबात हा तोटाच होता. तो वेळ खाई, मजुरी खाई, पोती फुटत आणि पावसाळ्यात माल भिजण्याची भीती राही. पण कंपनीच्या वहीत जो खर्च म्हणून लिहिला जाई तोच कुर्डुवाडीतील हमालांच्या घरी मिळकत म्हणून येत असे. हमाल, तोलारी, मुकादम, माल मोजून घेणारे कारकून, पोती शिवणारे, आडत्यांची माणसे अशी मोठी वस्ती या एका कामावर उभी राहिली.

त्यात उतारूंची भर पडली. १९०६ मध्ये पंढरपूरचा फाटा सुरू झाला आणि कुर्डुवाडीला एक नवे स्थान मिळाले. त्यापूर्वी रेल्वेने येणारे वारकरी बार्शी रोडला किंवा मोहोळला उतरून पुढे बैलगाडीने किंवा पायी जात. आता मुंबई-पुण्याकडून येणारा आणि सोलापूर-गुलबर्ग्याकडून येणारा, दोन्ही बाजूंचा वारकरी कुर्डुवाडीला उतरू लागला आणि पलीकडच्या फलाटावरून छोटी गाडी धरू लागला. आषाढी-कार्तिकीला तिचे डबे पुरत नसत, तेव्हा जादा गाड्या सोडाव्या लागत आणि माणसांना मालाच्या वाघिणींतूनही न्यावे लागे. गर्दी ओसरेपर्यंत लोक स्टेशनच्या आवारात आणि गावात मुक्काम करीत. टाळ-मृदंगाचा नाद आणि इंजिनाची शिटी एकाच वेळी ऐकलेली माणसे आमच्या गावात आजही आहेत, आणि त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात, अशी माझी आपल्या मंडळाला कळकळीची विनंती आहे.

तिसरी गोष्ट कारखान्याची. कंपनीच्या मार्गाचे दोन्ही हात कुर्डुवाडीतून निघत असल्यामुळे इंजिने व डबे दुरुस्त करण्याची जागा तेथे असणे स्वाभाविकच होते. पुढे तेथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. हमालीच्या कामाहून या कारखान्याने निराळे काहीतरी केले. त्याने गावाला कुशल कामगार दिला. लोहार, कातारी, सुतार, जोडारी, बॉयलरवर काम करणारे, रंगारी अशा कामांत शेतकऱ्यांची मुले शिरली. महिन्याला ठरावीक पगार, रेल्वेची चाळ, भविष्यनिर्वाह निधी, मुलांच्या शाळा, कामगार संघटना हे सर्व माढ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या मार्गाने आले. ज्या भागात पाऊस चुकला म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडत, तेथे पावसावर अवलंबून नसलेला पगार किती मोठी गोष्ट होती, याचा विचार पुस्तिकेत अवश्य व्हावा.

कुर्डुवाडीला कोणत्याही राजाने वसवले नाही, तिच्यात मोठे देवस्थान नाही, नदी नाही, जुनी बाजारपेठ नाही. दोन रुंदींचे रूळ जिथे भेटले आणि एकमेकांत मिसळू शकले नाहीत, त्या जागी ती वाढली. तिच्या इतिहासाचा कणा मी याच गोष्टीला मानतो.

---

बालाघाट:

लातूरच्या बाजूचे थोडे जोडतो, कारण त्या हाताचा उल्लेख वर ओझरताच आला आहे.

बार्शीच्या पुढे रूळ नेणे म्हणजे निजामाच्या राज्यात शिरणे होते, त्यामुळे तेथे केवळ अभियंत्याची इच्छा पुरेशी नव्हती. मार्ग आधी तडवळ्यापर्यंत गेला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. येडशीजवळ रामलिंगच्या जंगलातून बालाघाट चढताना छोट्या गाडीचा जो कस लागत असे, तो पाहण्यासारखा होता. या मार्गावरची पांगरी, येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड ही स्टेशने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. जिल्ह्याचे ठाणे असलेले धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, या मार्गावर नव्हते. तेथील माणसाला रेल्वे पकडायची तर येडशीला यावे लागे. उलट लातूर हे त्या काळी जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते, तरी मार्गाचे पूर्वेकडील टोक तेथे असल्यामुळे डाळी, तेलबिया व कापसाचा व्यापार त्याच्याकडे ओढला गेला. लातूरच्या आडतीची भरभराट होण्यामागे पुष्कळ कारणे आहेत, परंतु रूळ तेथे येऊन थांबले ही त्यांतील एक मोठी बाब होती, असे माझे मत आहे.

बार्शीवर मात्र याचा परिणाम दुहेरी झाला. जो माल पूर्वी बालाघाट उतरून बार्शीच्या पेठेत विकला जाई, तो आता लातूर-ढोकीलाच वाघिणीत भरून बार्शीवरून पुढे जाऊ लागला. ज्या मार्गाला बार्शीचे नाव होते त्या मार्गानेच बार्शीची काही उलाढाल पुढे नेली. पुस्तिका कुर्डुवाडीची असली तरी हा मुद्दा गाळू नये.

---

माढेवाट:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मालधक्का’ यांनी मांडलेला विचार, म्हणजे रुळांची रुंदी बदलते म्हणून गाव वाढते, हा आमच्या पुस्तिकेचा आधार व्हावा असे वाटते.

त्यावरून पुढचा प्रश्न पडतो. माल उतरवून चढवण्याची ही अडचण कॅलथ्रॉपसारख्या बुद्धिमान माणसाला दिसली नसेल, हे संभवत नाही. त्यावर त्याने काही उपाय योजला होता का? आणि रुंदीकरणानंतर, जेव्हा हा फरकच उरला नाही, तेव्हा कुर्डुवाडीचे काय झाले, असे आपणास वाटते?

---

रूळवाट:

‘चालक चाके’ ही दुरुस्ती मान्य आहे.

कॅलथ्रॉपला अडचण दिसली होती आणि तिच्यावर त्याने उपायही काढला, पण तो आपल्याकडच्या मार्गासाठी नव्हे. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा अडीच फुटांचा छोटा ग्रामीण मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला. त्याचा अभियंता कॅलथ्रॉपच होता आणि त्याने बार्शीचा अनुभव तेथे जसाच्या तसा वापरला. इंजिने किटसनचीच होती. त्यांचे पुढचे मोठे दिवे पाहून ती उष्ण प्रदेशासाठी बांधलेली आहेत की काय, असे तेथील लोकांना वाटे. त्या मार्गावर त्याने मोठ्या गाडीची संपूर्ण वाघीण उचलून घेणाऱ्या वाहक वाघिणी वापरल्या. मोठी वाघीण छोट्या गाडीवर चढवायची आणि मालासकट पुढे न्यायची, म्हणजे उतरवणे-चढवणे नको. तेथील साधारण तेरा किलोमीटरच्या मार्गावर ही पद्धत चालली, मुख्यतः दुधाच्या वाहतुकीला तिचा उपयोग झाला आणि तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. आपली साडेपाच फुटी वाघीण आणखी रुंद व जड असल्याने बार्शीच्या हलक्या रुळांवर हा उपाय चालण्यासारखा नव्हता, असे मला वाटते.

पुस्तिकेत ही जोड आवर्जून द्यावी. विलायतेतील तंत्र इकडे आले, अशा गोष्टी आपण नेहमी वाचतो. येथे बार्शी-कुर्डुवाडीला सिद्ध झालेली रचना विलायतेत परत गेली आहे. कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी घेण्याच्या छत्रीवर, म्हणजे पॅराशूटवर, काम केले आणि तेथेही त्याचे नाव झाले. १९२७ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच वर्षी पंढरपूरपासून मिरजेपर्यंतचा शेवटचा टप्पा पूर्ण होऊन लातूर ते मिरज हा २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा, मार्ग अखंड झाला.

मालकीविषयी थोडक्यात सांगतो. भारत सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी हा मार्ग विकत घेतला व तो मध्य रेल्वेत आला. १९६६ मध्ये सोलापूर विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा मध्य रेल्वेत परतला. त्यामुळे या काळातील कागदपत्रे शोधताना एकाच ठिकाणी चौकशी करून थांबू नये.

---

मालधक्का:

रुंदीकरणाविषयी मी लिहितो.

हे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर रुंद झाला, लातूर ते उस्मानाबाद हा टप्पा सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा टप्पा ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला, आणि त्यानंतर पंढरपूर-मिरज पूर्ण होऊन छोट्या गाडीचा या भागातील कारभार संपला. मार्ग वळवून तो उस्मानाबादवरून नेल्यामुळे, ‘बालाघाट’ यांनी सांगितलेली जिल्ह्याच्या ठाण्याची जुनी उणीव याच कामात भरून निघाली. लातूरहून मुंबईला डबा न बदलता जाता येऊ लागले. ज्यांनी म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि सामानाला सांभाळत रात्री-अपरात्री कुर्डुवाडीला फलाट बदलला आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. मी स्वतः छोट्या गाडीवर प्रेम करणारा असलो तरी रुंदीकरण व्हायला नको होते, असे मी कधीही म्हणणार नाही.

कुर्डुवाडीपुरते पाहिले तर, जिच्यासाठी प्रत्येकाला थांबावे लागत होते ती अडचणच गेली, आणि तिच्याबरोबर थांबणेही गेले. मालाची चढ-उतार संपण्याची प्रक्रिया खरे तर त्याआधीच सुरू झाली होती, कारण ट्रक वाढले आणि छोट्या गाडीचा माल रस्त्याने जाऊ लागला. स्टेशनबाहेरची खानावळ, टांगे, हमालांची टोळी या गोष्टी त्यामुळे एकाएकी नाहीशा झाल्या नाहीत, हळूहळू विरळ होत गेल्या. जंक्शन म्हणून कुर्डुवाडीचे स्थान कायम आहे, मिरज व लातूर या दोन्ही दिशांना आजही तेथूनच फाटे फुटतात. फक्त गाडी बदलावी लागणाऱ्यांची संख्या कमी झाली. कारखान्याने मात्र काळाबरोबर आपले काम बदलले. तेथे आता रुंद मार्गाच्या वाघिणींची कामे होतात, आणि माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांसाठीही तेथील कामगारांच्या हाताचा उपयोग झाला आहे. नॅरो गेजचे कसब शंभर वर्षे ज्या गावात मुरले त्या गावाकडे हे काम यावे, यात मला मोठे समाधान वाटते.

---

बालाघाट:

रुंदीकरणाचा एक परिणाम २०१६ च्या उन्हाळ्यात दिसला, त्याची नोंद पुस्तिकेत असावी. त्या वर्षी लातूर शहराला पाणी उरले नव्हते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू होऊन एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले आणि पावसाळ्यापर्यंत अशा शंभराहून अधिक खेपा झाल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग, म्हणजे धाराशिवकडचे वळण सोडले तर, बार्शी लाईटचाच मार्ग होय. जुन्या रुंदीवर इतके पाणी इतक्या वेगाने नेणे शक्य झाले नसते. लातूरकर म्हणून सांगतो, त्या गाडीची वाट आम्ही ज्या आतुरतेने पाहिली तशी कोणत्याही गाडीची पाहिली नव्हती.

मिरजेविषयीही एक ओळ घालावी. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाल्यावर तेथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि आपली नॅरो गेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ बरीच वर्षे एकाच स्टेशनात होते. कुर्डुवाडीत जे दोन रुंदींमुळे घडले त्याची तुलना मिरजेशी केल्यास आपला मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मिरज हे आधीपासूनचे संस्थानी शहर होते, तेथे संगीत होते, वाद्ये बनवणारे होते, पुढे मोठी रुग्णालये आली. रूळ नसते तरी मिरज असतेच. कुर्डुवाडीबद्दल तसे म्हणता येत नाही.

---

रूळवाट:

शेवटी साधनांविषयी दोन गोष्टी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधील सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, म्हणजे तो छोट्या गाडीच्या तेरा वर्षे आधीचा आहे. बैलगाड्यांच्या काळातील बार्शी रोड स्टेशन, तेथील मालाची ये-जा आणि पंढरपूरच्या यात्रेकरूंची वाट समजून घेण्यासाठी तो अत्यंत उपयुक्त आहे. दुसरे म्हणजे, कागदांच्या आधी माणसांकडे जावे. कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, मालधक्क्यावर काम केलेल्यांची कुटुंबे, छोट्या गाडीचे गार्ड व चालक यांच्याकडे पगाराच्या पावत्या, पासची पुस्तके, चाळीसमोर काढलेली छायाचित्रे, संघटनेची पत्रके असे पुष्कळ काही घरात पडून असते आणि घर बदलताना ते प्रथम टाकून दिले जाते.

जुन्या मार्गाचा भराव आणि लहान मोऱ्या बार्शी व येडशीच्या बाजूला जेथे उरल्या असतील तेथे त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत व प्रत्येक छायाचित्राखाली गावाचे नाव आणि तारीख लिहावी. पुस्तिकेचा मसुदा तयार झाला की तो येथे टाकावा. वर्षे आणि अंतरे तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.